पीटऐवजी साल

कुंडीतल्या झाडाला मातीच लागते असे नाही. मुळांना आधार, दोन पाण्यांच्या मधल्या वेळेत पुरेल इतका ओलावा, श्वासाला हवा आणि दिलेले खत लगेच वाहून जाऊ न देणारी जागा, एवढे मिळाले की झाड वाढते. युरोप-अमेरिकेतल्या रोपवाटिकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सगळी कामे मुख्यतः एकाच पदार्थावर सोपवली होती. तो पदार्थ म्हणजे पीट. आता तिथे पीटला जे पर्याय पुढे आले आहेत, त्यांत पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी वृक्षांची मुरवलेली साल सर्वांत भरवशाची ठरली आहे. ती पीटची हुबेहूब नक्कल मात्र नाही. पीटविरहित मिश्रणांबद्दलच्या बऱ्याचशा तक्रारी हे लक्षात न घेतल्यामुळे उद्भवलेल्या आहेत.

पीट म्हणजे दलदलीत साठलेले, अर्धवट कुजलेले शेवाळ, मुख्यतः स्फॅग्नम वंशातले. पाण्याखाली हवा नसते, पाणी आम्लधर्मी असते आणि हवामान थंड. त्यामुळे मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही, थरावर थर चढत राहतो. हा साठा वर्षाला साधारण एक मिलिमीटरने वाढतो, म्हणजे मीटरभर पीट तयार व्हायला हजारेक वर्षे लागतात. पृथ्वीवरच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटभूमीने व्यापला आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जितका कार्बन आहे त्याहून अधिक कार्बन तिथे गाडलेला आहे. पीट काढायचे तर आधी चर खणून दलदलीतले पाणी वाहून जाऊ देतात आणि मग उघडा पडलेला पृष्ठभाग यंत्राने खरवडून, वाळवून गोळा करतात. पाणी हटले की हवा शिरते आणि हजारो वर्षे अडलेले कुजणे सुरू होते. पोत्यातून कुंडीत आलेले पीटही तसेच हळूहळू कुजते आणि त्यातला कार्बन हवेत जातो.

बागकामात पीटचे राज्य फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बड्या बागांत प्रत्येक मुख्य माळ्याची स्वतःची कृती असे. कुजलेला पाला, गवताच्या ढेपांची माती, वाळू, शेणखत, विटांचा चुरा यांचे प्रमाण झाडागणिक बदलत असे आणि ते गुपित म्हणून जपले जाई. त्या काळात नारळाच्या काथ्याचा भुसाही तिथे वापरात होता. चटया विणणाऱ्या गिरण्यांचा तो टाकाऊ माल. शे-सव्वाशे वर्षांनी तोच भुसा कोकोपीट या नावाने नवा शोध म्हणून परत बाजारात आला, ही गंमतच.

या गुप्त कृतींना शिस्त लावली ती लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इनिस संस्थेने. आनुवंशिकीचे आद्य अभ्यासक विल्यम बेटसन हे या संस्थेचे पहिले संचालक. पुढे तिथेच विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी प्रयोगासाठी वाढवलेली प्रिम्युलाची रोपे वारंवार मरतात म्हणून कुंडीतल्या मिश्रणाकडे लक्ष वळवले. माती वाफेने निर्जंतुक करून, ठरावीक खत घालून त्यांनी मोजकी प्रमाणे पक्की केली. बी पेरण्यासाठी दोन भाग माती, एक भाग पीट आणि एक भाग वाळू. रोप कुंडीत लावण्यासाठी सात भाग माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू. १९३९ मध्ये ही माहिती पुस्तकरूपाने आली आणि जॉन इनिस मिश्रण घरोघरी पोचले. त्यात पीट होते, पण मुख्य घटक मातीच होती.

अडचण मातीनेच आणली. चांगली, एकसारखी माती पुरेशी मिळेना, ती जड, आणि प्रत्येक खेपेला वेगळी. १९५७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने बारीक वाळू आणि पीट यांवर आधारलेली, मातीला पूर्ण फाटा देणारी पद्धत प्रसिद्ध केली. साठच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाने पीटमध्ये व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट मिसळून आणखी हलकी मिश्रणे दिली. ब्रिटनमध्ये फायसन्स कंपनीचे लेव्हिंग्टन मिश्रण त्याच सुमाराला आले. प्लास्टिकची कुंडी, मोटारीच्या डिकीत मावणारे हलके पोते आणि शहराबाहेरचे गार्डन सेंटर या तिन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी आल्या, आणि पीट या नव्या धंद्याचा कणा झाले. व्यापाराच्या दृष्टीने ते निर्दोष होते. तण नाही, रोगजंतू जवळपास नाहीत, सामू कमी असल्याने चुना घालून हवा तिथे आणता येतो, अन्नद्रव्ये नगण्य असल्याने खत आपल्या हिशेबाने देता येते. माळ्याने पाणी थोडे जास्त घातले किंवा एक दिवस विसरला तरी पीट सांभाळून घेते. ही शेवटची सोय पुढे महागात पडली, कारण कुंडीला पाणी कधी घालायचे हे हाताने ओळखण्याची सवयच अनेकांची मोडली.

१९९० च्या आसपास ब्रिटनमधल्या निसर्गसंस्थांनी पीटविरोधी मोहीम उघडली. बीबीसीच्या ‘गार्डनर्स वर्ल्ड’ कार्यक्रमाचे लोकप्रिय निवेदक जेफ हॅमिल्टन यांनी पीट वापरू नका असे प्रेक्षकांना उघड सांगायला सुरुवात केली. वादाचे केंद्र होते यॉर्कशायरमधल्या थॉर्न आणि हॅटफील्ड या दोन दलदली. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांच्या पागेत अंथरण्यासाठी पीट निघत असे. घोडे गेले आणि बागा आल्या. अखेर २००२ मध्ये सरकारने १ कोटी ७३ लाख पौंड मोजून स्कॉट्स कंपनीकडून तिथले खणण्याचे हक्क सोडवून घेतले. आज सुमारे २,९०० हेक्टरांचा हा पट्टा राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि चर बुजवून त्यात पुन्हा पाणी साठवले जात आहे. आयर्लंडमध्ये बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले.

धोरणाची कहाणी एवढी सरळ नाही. २०१० पर्यंत बाजारातली ९० टक्के गरज पीटविना भागवायची, असे ब्रिटनचे एक उद्दिष्ट होते. ते साफ हुकले. २०११ मध्ये हौशी बागायतदारांसाठी २०२० आणि व्यावसायिकांसाठी २०३० अशा ऐच्छिक मुदती दिल्या गेल्या. पहिली मुदत टळल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्लंडमधली किरकोळ विक्री २०२४ पर्यंत बंद करण्याची घोषणा झाली, पण २०२४ साल सरले तरी कायदा झालेला नव्हता. तारखा अशा पुढे पुढे ढकलल्या जात असताना बदल झाला तो दुकानांच्या फळ्यांवर. मोठ्या साखळी दुकानांनी पीटची पोती ठेवणे आपणहून बंद केले आणि मिश्रण बनवणाऱ्यांना दुसरा कच्चा माल शोधणे भाग पडले.

साल हा तसा लाकूड कापणाऱ्या गिरण्यांचा कचरा. ओंडक्याच्या आकारमानात तिचा वाटा साधारण १० ते १५ टक्के असतो. फळी कापण्याआधी ती यंत्राने सोलून काढतात, आणि एके काळी तिचे ढीग जाळून किंवा टाकून द्यावे लागत. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत पाइनच्या लागवडी अफाट आणि पीट कॅनडाहून आणावे लागे. तिथल्या रोपवाटिकांनी सत्तरच्या दशकातच साल जवळ केली. आठ भाग पाइनची साल आणि एक भाग वाळू हे तिथले जुने, आजही चालणारे मिश्रण. ऑस्ट्रेलियात रेडिएटा पाइनची साल अशीच रुजली आणि मृदातज्ज्ञ केविन हँड्रेक यांनी तिचे शास्त्र बारकाईने मांडले. ब्रिटनमध्ये जी गोष्ट पर्यावरणाच्या आग्रहामुळे आली, ती या दोन देशांत निव्वळ स्वस्ताईमुळे आधीच घडून गेली होती.

सालीची रासायनिक घडण तिच्या बाजूने आहे. लाकडात सेल्युलोज भरपूर असते आणि सूक्ष्मजीव ते झपाट्याने फस्त करतात. पाइनच्या सालीत सेल्युलोज कमी, लिग्निन आणि मेणासारखे सुबेरिन जास्त. त्यामुळे ती कुंडीत दोन-तीन वर्षे आपला आकार टिकवते, लवकर बसकण मारत नाही. ओक-मेपलसारख्या रुंदपानी झाडांच्या सालीत सेल्युलोज बरेच अधिक असल्याने ती नत्र घालून नीट कुजवल्याशिवाय वापरता येत नाही. ताज्या सालीत टॅनिन, फिनॉल आणि राळेतले टर्पिन असतात. कोवळ्या मुळांना ते बाधतात. म्हणून साल मुरवावी लागते.

हे मुरवणे खुल्या आवारात चालते. चिरडलेली साल माणसाच्या उंचीहून मोठ्या लांबच लांब ढिगांत रचतात, पाणी देतात, गरजेप्रमाणे युरिया किंवा दुसरे नत्रखत घालतात आणि ठरावीक दिवसांनी यंत्राने वरखाली करतात. आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते. थंडीच्या सकाळी ढीग हलवला की त्यातून वाफेचे लोट निघतात. काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत ही क्रिया चालते. ढीग फार उंच किंवा फार ओला झाला तर आत हवा पोचत नाही, साल आंबते, सामू कोसळतो आणि असा माल वापरला तर रोपे दोन दिवसांत करपतात. फार कोरडा पडला तर आतल्या उष्णतेने पेट घेण्याची भीती असते. जाणता कामगार ढिगात हात घालून मूठभर साल काढतो आणि आधी हुंगतो. राळेचा उग्र वास आला तर ती कच्ची, आंबूस आला तर बिघडलेली, पावसानंतरच्या रानासारखा आला तर तयार. रंगही लालसर तांबूस असतो तो गडद तपकिरी होतो. शेवटची परीक्षा पेरणीची. अळिवाचे बी हे युरोपात त्यासाठीचे प्रमाण मानलेले बी आहे. डिंकाच्या लाडवांत पडणारे हेच अळीव, माध्यमात विषारी अंश असेल तर चटकन दगा देते: बी उगवत नाही, किंवा मूळ आखूड आणि तपकिरी राहते.

तयार साल चाळून तिचे आकार वेगळे करतात. कुंडीमिश्रणाला १० मिलिमीटरच्या आतला बारीक माल, ऑर्किडला बोटाच्या पेराएवढे तुकडे, त्याहून मोठे तुकडे वाफ्यावर आच्छादनाला. चाळणीवरचे हे काम वाटते त्याहून महत्त्वाचे आहे. कुंडी कितीही उंच असली आणि तळाला भोक असले, तरी पाणी दिल्यावर तळाशी एक चिंब थर राहतोच. कण जितके बारीक तितका तो जाड. उथळ कुंडीत हा थर जवळपास सगळी जागा व्यापतो आणि मुळे गुदमरतात. तळाला खडे किंवा खापऱ्या घातल्याने तो थर जात नाही, फक्त वर सरकतो. सालीच्या मोठ्या कणांमधल्या पोकळ्यांतून पाणी चटकन निघून जाते, मागे हवा शिरते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती अवस्था सालीच्या मिश्रणात पाणी दिल्यावर थोड्याच वेळात येते. पीटमध्ये तिला वेळ लागतो, आणि अतिपाण्याने मरणारी झाडे पीटमध्येच जास्त मरतात.

सालीची आणखी एक बाजू आहे, ती रोगप्रतिकाराची. ओहायोतल्या वूस्टर इथल्या संशोधन केंद्रात हॅरी हॉइटिंक यांनी सत्तरच्या दशकापासून दाखवून दिले की कुजवलेल्या सालीत फायटोप्थोरा आणि पिथियम या मूळकुजीच्या बुरशीसदृश रोगकारकांचा जोर कमी होतो. सालीवर वाढणारी ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी आणि जिवाणू त्यांना डोके वर काढू देत नाहीत. पीट त्या मानाने निर्जीव. त्यात रोग शिरला तर अडवणारे फारसे कुणी नसते. महाराष्ट्रातले शेतकरी ट्रायकोडर्मा पुड्यांतून विकत आणून शेणखतात मिसळतात, तेच काम इथे ढिगातच होऊन जाते.

आता सालीचे दोष. पहिला नत्राचा. सालीत कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३०० ला १ असते. सूक्ष्मजीव ती कुजवताना लागणारे नत्र आजूबाजूच्या पाण्यातून, म्हणजे झाडाच्या ताटातून उचलतात. झाड मग पिवळे पडते आणि दोष मिश्रणाला लागतो. मुरवलेल्या सालीत ही उचल कमी होते, पण थांबत नाही. भुसा किंवा लाकडाचा तंतू मिसळलेला असेल तर ती बरीच वाढते. पीटच्या मिश्रणात लावल्यापासून दीड-दोन महिने खताकडे पाहिले नाही तरी चालायचे. सालीच्या मिश्रणात चौथ्या आठवड्यापासून पातळ विद्राव्य खत सुरू केलेले बरे. रोपवाटिका सुरुवातीलाच हळूहळू विरघळणाऱ्या खताचे दाणे मिसळतात, हा सर्वांत निर्धोक मार्ग.

दुसरा, आणि खरा कळीचा, पाण्याचा. सालीचा पृष्ठभाग लवकर सुकतो आणि कोरडा दिसतो, पण दोन बोटे खाली ओल असते. पीटवर हात बसलेला माणूस वरचा रंग पाहून झारी उचलतो आणि झाड बुडवतो. उलट, साल पूर्ण वाळली तर तिच्यातल्या मेणामुळे पाणी आत शिरत नाही. ते कडेने घळाघळा वाहून तळातून निघते आणि कुंडी भिजली असा भास होतो. यावरचा उपाय म्हणजे कुंडी उचलून पाहणे. लावल्यावर पहिले भरपूर पाणी दिले की तिचे वजन हाताला ठरवून ठेवावे. ती निम्मी हलकी लागेपर्यंत पाणी देऊ नये, आणि एकदम थोडेच द्यावे, पण अधिक वेळा. चुकून वाळलीच, तर कुंडी पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. पुस्तकी सूचनांच्या शंभर ओळींपेक्षा ही कुंडी उचलण्याची सवय जास्त उपयोगी पडते.

किरकोळ गोष्टी आणखी आहेत. पोत्यात किंवा कुंडीत पांढरी बुरशी, छत्र्या दिसतात, त्या निरुपद्रवी. ओल्या पृष्ठभागावर बारीक काळ्या माश्या येतात. वरचा थर सुकू दिला की कमी होतात. खत मिसळलेले पोते वर्षानुवर्षे ठेवू नये, कारण आतली क्रिया चालूच असते. एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. ‘लिजिओनेला लाँगबीची’ हा न्यूमोनियासारखा आजार करणारा जिवाणू कुंडीमिश्रणांत आढळतो. ऑस्ट्रेलियात १९८९ च्या सुमारास झालेल्या साथीनंतर तिथल्या पोत्यांवर इशारा छापला जातो. पोते तोंडाजवळ धरून उघडू नये, धूळ उडू देऊ नये, काम झाल्यावर हात धुवावेत. घरच्या वृद्धांनी मास्क लावावा.

साल एकटी सहसा वापरत नाहीत. ती निचरा आणि टिकाऊपणा देते. ओलावा धरायला कोकोपीट, हलकेपणाला वाफेने फुलवलेला लाकडाचा तंतू, अन्नद्रव्यांसाठी बागेतल्या हिरव्या कचऱ्याचे कंपोस्ट अशी जोड असते. यातला शेवटचा घटक सर्वांत बेभरवशाचा. त्याचा सामू आणि क्षार जास्त, कधी काचेचे तुकडे, कधी गवतावर फवारलेल्या तणनाशकाचे अंश. सुरुवातीच्या पीटविरहित पोत्यांत त्याचाच भरणा होता आणि ‘पीटविना झाडे येत नाहीत’ ही समजूत मुख्यतः त्या मालाने पसरवली. आजची चांगली मिश्रणे, उदाहरणार्थ मेलकोर्ट कंपनीचे सिल्व्हाग्रो, सालीभोवती बांधलेली आहेत. कम्ब्रियात डेलफूट ही कंपनी डोंगरउतारावरचे ब्रॅकन नेचे आणि मेंढीची लोकर कुजवून मिश्रण करते. तो वेगळा आणि महागडा मार्ग. ब्रिटनमध्ये कुंड्यांत मेथी-कोथिंबीर लावणाऱ्या मराठी घरांनी बी टाकण्यापूर्वी सालीचे मिश्रण चाळून घ्यावे; बारीक बियाला भरड कण मानवत नाहीत. ऱ्होडोडेंड्रॉन, कॅमेलिया, ब्लूबेरी यांना आम्लधर्मी साल विशेष लागू पडते. आळिंब्यांच्या वाफ्यावरचा थर आणि यंत्राने भरायच्या अगदी बारीक ट्रे यांतून पीट हटवणे मात्र अजून जड जात आहे.

सालीचा पुरवठाही अमर्याद नाही. ओंडके जितके कापले जातील तितकीच साल निघणार, आणि तीच साल भट्ट्यांत जाळून वीज करणारेही गिऱ्हाईक म्हणून उभे आहेत. कोकोपीटचे प्रश्न निराळे: किनाऱ्यावरच्या नारळाच्या सोडणांत सोडियम आणि पालाश जास्त असते, ते धुवायला गोडे पाणी लागते, कॅल्शियम नायट्रेटची प्रक्रिया लागते आणि नंतर समुद्रप्रवास. ब्रिटनमध्ये कच्च्या मालाला ऊर्जा, पाणी, मजुरांची स्थिती, अधिवास, प्रदूषण अशा कसोट्यांवर गुण देणारी योजना उद्योगानेच सुरू केली आहे. ‘पीटविरहित’ एवढा शिक्का पुरेसा नाही, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. इथे पीटचे राज्य कधी नव्हतेच. घरच्या कुंडीत माती, शेणखत आणि पालापाचोळा. टोमॅटो, मिरची, कोबीच्या रोपवाटिकांत प्रोट्रे भरायला कोकोपीट. युरोपातून आलेले पीट मॉस पुड्यांत मिळते, पण ते घेण्याचे कारण क्वचितच असते. पाइनच्या सालीचे तुकडे इथे मुख्यतः ऑर्किडसाठी विकले जातात, तेही बहुधा हिमालयातल्या चीडवृक्षाचे. कोकणातल्या दमट पावसाळ्यात फॅलेनॉप्सिस ऑर्किडची मुळे कोकोपीटमध्ये सडतात, सालीत तगतात; विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र तीच साल दिवसभरात कोरडी पडते आणि तिच्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळावे लागतात. विकत आणलेली साल एक रात्र पाण्यात भिजवावी, पाणी चहासारखे तांबडे झाले तर ओतून पुन्हा भिजवावी, आणि तुकडे बोटाने कुस्करू लागले की, साधारण दोन वर्षांनी, बदलून टाकावेत.